बुरुजातली ओ

१

माझी नोकरी मोजणी खात्यातली. बांधावरून भावाभावांची डोकी फुटायची वेळ येते तिथं मी टेप घेऊन जातो, खुणा दाखवतो, दोघांच्याही शिव्या खातो आणि संध्याकाळच्या एस.टी.नं जालन्याला परत येतो. घरातही माझा डोळा मापातच चालतो. दाराची चौकट किती कलली, तांब्या काल कुठं होता आणि आज कुठं आहे, पिठल्यात मीठ किती कमी पडलं. मिठाच्या बाबतीत मी जरा जास्तच बोलायचो, हे कबूल करतो.

बेबीनंदा, म्हणजे माझी बायको, ऐकून घ्यायची. एकदाच म्हणाली, "तुमाला समदं मापात लागतं. माणूस मापातलं कुठून आणावं?"

मी हसलो होतो. तेव्हा हसण्यासारखं वाटलं.

जालन्यात मस्तगडला आमची भाड्याची दीड खोली होती, वर पत्रा. अठ्ठ्याण्णवच्या ऑक्टोबरात सासूबाई, झुंबरबाई, शिडीवरून पडल्या आणि त्यांचा खुबा मोडला. नंदा त्यांचं करायला म्हणून माहेरी गेली. पंधरा दिवसांची बोली होती, आठ महिने झाले. मी दोनदा आणायला गेलो आणि दोनदा हात हलवत परत आलो. शेजारच्या बायका विचारायच्या, "वहिनी कधी येणार?" मी म्हणायचो, "येईलच आता." लाज वाटायची. आणि खरं सांगायचं तर तिच्यावाचून मला करमत नव्हतं.

मे महिन्याच्या शेवटी सासरे, रामराव, स्वतः जालन्याला आले. असं पाच वर्षांत कधी घडलं नव्हतं. चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "औंदा अधिक जेठ हाय. धोंड्याला या, पाव्हणं. मानपान घ्या आन जाताना नंदीला संगं घेऊन जा."

मला एवढा आनंद झाला की मी त्यांच्यासाठी खाली जाऊन पेढे आणले.

"येक हाय," पेढा हातात धरून ते म्हणाले, "पांढरीची पयली पाटी तुमच्या हातानं निगाया पायजे. आमच्यात अधिक जेठाला जावईच काढतो."

जावयाला चौरंगावर बसवतात, ओवाळतात, चांदीची अंगठी घालतात. त्याला मातीची पाटी उचलायला लावणारं सासर मी तरी ऐकलं नव्हतं. पण गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ते काही उगाच नाही. मी हो म्हणालो.

२

सासरवाडीचं नाव सांगत नाही. तीर्थपुरीला उतरायचं आणि दोन कोस चालायचं. गाव सगळं माळवदाच्या घरांचं. लाकडी छत, त्यावर हातभर माती. साधी माती चालत नाही, पाझरते. पडक्या गढीची जुनी, चिकट, पांढरी माती लागते. दर उन्हाळ्यात पावसाआधी लोक बैलगाड्या घेऊन गढीवर जातात, माती खणून आणतात, माळवदावर पसरतात आणि चोपून घट्ट करतात. मराठवाड्यात ही काही नवलाची गोष्ट नाही. गावोगावच्या गढ्या लोकांनी अशाच घरांवर नेऊन ठेवल्यात.

इथली गढीही गेली होती. तट गेले, दरवाजा गेला, आतला वाडा गेला. एक बुरूज तेवढा राहिला होता.

लग्नाच्या वर्षी, चौऱ्याण्णवला, सासरवाडीच्या पोरींपुढं शायनिंग मारायला मी तो बुरूज मोजला होता. घेर शहाण्णव फूट, उंची एकतीस फूट तीन इंच. डायरीत लिहून ठेवलं होतं. नव्याण्णवच्या जूनमध्ये पोचलो त्या दिवशी संध्याकाळी सहज म्हणून पुन्हा टेप लावला.

एकतीस फूट तीन इंच.

गाव दर उन्हाळ्याला वीसएक गाड्या माती काढतं आणि काढतं ती याच बुरुजाच्या पोटातून. उत्तरेला माणूस वाकून शिरेल एवढं भगदाड आहे, तिथून. पाच वर्षांत शंभर गाड्या माती गेली आणि बुरूज आत बसला नाही, एक इंचानंही नाही. मी मनाची समजूत घातली. आत मुळात भराव असेल, भिंती सहा-सहा फुटी असतील, जुनं बांधकाम चिवट असतं. समजूत पटलीही. पण ऑफिसात निजामाच्या काळातलं एक टिपण माझ्या हातून गेलं होतं. त्यात हा बुरूज मोजणीची खूण म्हणून घेतला होता. पुढं लिहिलं होतं, उंची हात एकवीस. एकवीस हात म्हणजे साडेएकतीस फूट.

मी सासऱ्यांना विचारलं, "हा बुरूज बांधला कोणी?"

"व्हता कुणी देशमुख."

"बाकीची गढी पडली, हाच कसा राहिला?"

रामराव दात कोरत होते. काडी टाकून म्हणाले, "त्येची निगा ऱ्हाखली म्हून."

निगा म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आलो होतो बायकोला न्यायला, बुरुजाचा इतिहास लिहायला नाही.

३

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून मधल्या खोलीत आडवा झालो होतो. बाहेर रणरणतं ऊन, आत गार अंधार. डोळा लागत होता तेवढ्यात डोक्यावर आवाज आला. धप्. धप्. थोडं थांबून पुन्हा धप्. माळवदावर कोणी तरी तळहातानं माती चोपत होतं.

वानर असेल म्हणालो. पण वानर धडधडत जातं, एका जागी बसून इतकं मन लावून काम करत नाही. शिडी चढून वर गेलो. कोणी नव्हतं. कोपऱ्यात परातीएवढा तुकडा नव्या मातीचा होता, ओला, चोपून गुळगुळीत केलेला. त्यावर पंजे उमटले होते. आजूबाजूला चार घरांत माणूस दिसत नव्हतं, आणि त्या उन्हात माती ओली होती.

खाली आलो. झुंबरबाई बाजेवर पडून होत्या. "माळवदावर कोण होतं?" मी विचारलं.

"आपला गडी हाय की," त्या म्हणाल्या. "त्येच्यामुळं तर हे घर कदी गळलं न्हाई."

ह्या घरात गडी नव्हता. दोन एकरांत गडी कसा परवडेल? मी बघत राहिलो तशी त्यांनी कूस बदलली.

तेवढ्यात गोजरआत्या बाहेर निघाल्या. रामरावांची ही थोरली बहीण, साठीची, माहेरीच राहते. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातभर हिरवा चुडा. हातात ताट, ताटात भाकरी, ठेचा आणि वाटीभर पिठलं. भर दुपारी बाई गढीच्या वाटेला लागली.

"कुणाला जेवण?" मी विचारलं.

"मालकाला," त्या म्हणाल्या. "काम करून राह्यलेत."

मला राग आला. कारण गोजरआत्यांचे मालक, कचरूमामा, मला माहीत होते. ऐंशीच्या अधिक जेठानंतर ते गाव सोडून गेले आणि आज जालन्यात एका बियाण्याच्या गोदामावर वॉचमन आहेत. मस्तगडच्या टपरीवर मी त्यांना अनेकदा चहा पाजला आहे. जिवंत, हाडामांसाचा माणूस. म्हातारी भ्रमिष्ट झाली आणि घरचे तिला समजावण्याऐवजी पिठलं करून देतात, असं मी ठरवलं. ठरवलं म्हणजे ठरवलंच. पण संध्याकाळी ताट परत आलं ते मी बघितलं. पुसून खाल्लेलं होतं. भाकरीचा शेवटचा तुकडा वाटीत फिरवला की उमटतात तशा रेघा होत्या.

४

त्या संध्याकाळी नंदा परसात भांडी घासत होती. मी जवळ जाऊन बसलो. आठ महिन्यांत ती भरली होती, उजळली होती. तिला बघून मला भरून आलं.

"परवाच्या गाडीनं निघू," मी म्हणालो. "पत्र्याखाली पंखा लावलाय नवा. मिठाचं पण बोलणार नाही."

ती खाली मान घालून हसली. मग विचारलं, "उद्या पाटी काढताल ना?"

"तू येणार असशील तर बुरूज उचलून आणतो."

"हाक मारली की ओ देताल?"

"कोण मारणार हाक?"

"मीच. बाहेरून. रीत हाय."

"मला? नावानं?"

पाच वर्षांत तिनं माझं नाव घेतलं नव्हतं. उखाण्यातसुद्धा बायकांनी गळ घातली तरी लाजून पळायची. अहो, ऐकलं का, यापुढं गाडी कधी गेली नाही.

"नावानं," ती म्हणाली. "तुमी आदी खाकरता आन मंग ओ देता. तसं करू नगा. जल्दी द्या."

"का गं?"

तिनं तवा उपडा घातला. राखेचे हात तसेच ठेवून बराच वेळ बसली. मला वाटलं आता काही तरी सांगेल. आज वाटतं, ती सांगणारच होती. पण झुंबरबाईंनी आतून हाक मारली आणि ती उठली.

"पाटी काढा," जाता जाता म्हणाली. "मंग मी सुटले."

मी ते माझ्या सोयीनं ऐकलं.

५

सकाळी ओवाळणं झालं. पुरणाचे धोंडे झाले. रामरावांनी नवा पांढरा सदरा दिला आणि माझ्या उजव्या करंगळीत चांदीची अंगठी घातली, ती जरा सैल होती. ऊन डोक्यावर आलं तसं आम्ही गढीवर गेलो. मी, रामराव, गोजरआत्या आणि नंदा. नंदानं लग्नातला शालू नेसला होता.

बुरुजाच्या पूर्वेला छातीएवढ्या उंचीवर जंग्या आहे, म्हणजे पूर्वी बंदूक रोखायला ठेवलेलं, हात जाईल एवढं भोक. नंदा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. मी पाटी घेऊन उत्तरेच्या भगदाडातून आत शिरलो. खोरं न्यायचं नव्हतं, माती हातानं भरायची होती.

आत गारवा होता आणि ओल्या मातीचा वास. जंग्यातून उजेडाची एक पट्टी येत होती. माझं डोकं सवयीनं मापं घेऊ लागलं. घेर शहाण्णव म्हणजे आरपार तीस फूट. दोन्हीकडच्या भिंती वगळल्या की पोकळी अठराची. माझं पाऊल अडीच फुटी, म्हणजे सात पावलांत समोरची भिंत. सात पावलं टाकली, भिंत लागली नाही. नऊ टाकली. बारा टाकली. मागं पाहिलं तर भगदाड नाण्याएवढं दिसत होतं.

अंधारात मोजणं चुकतं, मी मनाशी म्हणालो आणि तिथंच खाली बसलो. माती मऊ होती, ओली होती. पाटी भरताना बोटांना लागत होतं की ही माती खणलेली नाही, चोपलेली आहे. जमीन, बाजू, सगळीकडे पंजे. आतून कोणी तरी हा बुरूज रोज भरून काढत होतं.

"भुजंग."

नंदाचा आवाज. पाच वर्षं जो शब्द ऐकायला मी आसुसलो होतो तो ती स्पष्ट, न लाजता बोलली. माझा ऊर भरून आला. त्यातच घसा दाटला आणि मी खाकरणार एवढ्यात माझ्या उजव्या हाताला, हातभर अंतरावर, कोणी तरी खाकरलं.

माझ्यासारखंच. आधी बारीक, मग मोठं.

"ओ," ते म्हणालं.

मी श्वास धरून बसलो. बाहेरून रामराव म्हणाले, "दिली. झालं आता." आणि मग नंदाचा आवाज आला, कधी माझ्याशी इतका मऊ नसलेला.

"जेवलात का?"

ते मला विचारलेलं नव्हतं. ते मला कळलं. उजेडाच्या पट्टीत क्षणभर एक खांदा सरकला, पांढरा सदरा, माझ्यासारखा नवा. तोंड मी पाहिलं नाही. पाहायचं नाही म्हणून मी पाटी उचलली आणि त्या नाण्याएवढ्या उजेडाकडे धावत सुटलो. बाहेर आलो तेव्हा करंगळीत अंगठी नव्हती.

६

रामरावांनी पाटी माझ्या हातातून घेतली. माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. नंदा जंग्याला कपाळ टेकून उभी होती, माझ्याकडे पाठ करून.

"नंदा, चल," मी म्हणालो.

ती वळली नाही.

"तुमी निगा आता," रामराव म्हणाले. "सव्वाचारची यष्टी हाय."

"तुम्ही शब्द दिला होता!"

"शबुद दिल्ता, खरं हाय." पाटीतली माती ते बोटानं चाचपत होते. "पर ती जाईना म्हणल्यावर म्या काय करू?"

ज्या जावयाला सकाळी ओवाळलं त्याला दुपारी कोणी पाण्याचा तांब्याही विचारला नाही. माझी पिशवी गोजरआत्यांनीच आणून दिली. वाटेपर्यंत आल्या. त्या घरातलं माझ्याशी डोळ्याला डोळा देऊन बोललेलं ते एकच माणूस.

"जालन्याच्याला सांगा," त्या म्हणाल्या, "हितला बरा हाय."

जालन्यात मी सरळ गोदामावर गेलो. कचरूमामा फाटकात स्टुलावर बसले होते. मी निरोप सांगितला. त्यांनी हातातली काठी फाटकाला टेकवली. मग विचारलं, "कुंकू लावती का?"

"मोठं लावतात."

त्यांनी मान हलवली. "हाक मारली तवा तुमी ओ दिली का?"

"नाही," मी म्हणालो.

"म्या बी न्हाई देऊ शकलो," ते म्हणाले. "तंबाखू व्हती तोंडात." आणि त्यांनी मला चहा पाजला, माझ्या पैशाला हात लावू दिला नाही.

७

पुढचे पाच महिने मी स्वतःला समजावत होतो. सासऱ्यांना घरात राबायला लेक हवी होती, म्हणून हे नाटक. आत कोणी तरी बसवला होता. गावचाच कोणी. नंदाचं त्याच्याशी... इथपर्यंत विचार आला की मी थांबायचो. पण हेही सांगतो, तसं असतं तर बरं झालं असतं. बायको दुसऱ्या पुरुषासाठी सोडून गेली तर माणूस रडतो, ओरडतो, चारचौघांत सांगतो. मी काय सांगणार होतो?

दिवाळीत साडी घेतली आणि गेलो. घरी न जाता थेट गढीवर. बारा वाजले होते.

नंदा जंग्यासमोर उभी होती. हातभर हिरवा चुडा, रुपयाएवढं कुंकू. हातात ताट. मी पडक्या तटाच्या दगडाआड थांबलो.

"अहो," ती भोकाला तोंड लावून म्हणत होती, "आज जरा जल्दी जल्दी केलं. मीठ बराबर हाय का बगा."

आतून हात आला. माती लागलेला, सावकाश. भाकरीचा घास घेऊन गेला. पुन्हा आला. करंगळीत चांदीची अंगठी होती, सैल, ती पडू नये म्हणून बोट जरा वाकवून धरलेलं. अंगठ्याचं नख उभं चिरलेलं. मोजणीच्या साखळीचा खिळा लागून माझं नख चिरलं त्याला सहा वर्षं झाली. मी माझा अंगठा बघितला. पुन्हा त्याचा बघितला.

"नंदा," मी बाहेर आलो. "ते मी नाही. मी हा आहे."

ती दचकली नाही. मला ओळखलं तिनं. वेड लागलं असतं तर मी तिला माफ केलं असतं, पण तिचे डोळे शहाणे होते.

"ठाव हाय मला," ती म्हणाली.

"मग?"

"हे कुठं न्हेत न्हाईत मला. काय बी मोजत न्हाईत. घालंल ते खात्यात." मग जरा थांबून म्हणाली, "म्या सांगितलं व्हतं तुमाला, जल्दी ओ द्या म्हून. येवढंच सांगता येत व्हतं."

"एकदा हाक मार," मी म्हणालो. मी तिच्या पाया पडायचा बाकी होतो. "एकदाच. आता देतो ओ. बघ."

तिनं माझ्याकडे पाहिलं. दया आली असावी. मग तिनं तोंड जंग्याकडे वळवलं आणि हाक मारली.

"भुजंग."

मी तोंड उघडलं. घशात काही नव्हतं. खाकरायलाही काही नव्हतं. आतून आधी बारीक, मग मोठं खाकरणं आलं आणि मग ओ आली, तृप्त, जेवण झालेल्या माणसाची.

नंदानं ताट उचललं. माझ्या अंगावरून जाताना परक्या माणसासमोर घेतात तसा डोक्यावरून पदर घेतला. दोन पावलं गेली आणि थांबली. ताटात उरलेली चतकोर भाकरी, तिच्यावर पिठलं घालून, तिनं तटाच्या दगडावर ठेवली.

"खाऊन जा, पाव्हणं," ती म्हणाली. "दारातून उपाशी जाऊ नये."

ती उतरून गेली. साडीची पिशवी माझ्या हातात तशीच राहिली. सकाळपासून पोटात काही नव्हतं. मी दगडावर बसलो आणि ती भाकरी खाल्ली.

मीठ अगदी बरोबर होतं.